मागचा स्पीकर

वहिनी, अण्णांनी मला गाडीतला मागचा स्पीकर काढून टाकायला सांगितलं.

तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर चहाची बशी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "त्यो मागचा डबा काढ रं गाडीतला. जिला पायजे हुता ती गेली. आता कुनासाठी वाजवायचा?" झालं. तुझ्या सासऱ्यांचा शब्द म्हणजे काय, ते मी तुला काय सांगू! दादानं मान खाली घातली. आई आत चुलीपाशी होती, तिच्या हातातलं भांडं तेवढं वाजलं. जेवणं उरकल्यावर मी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गाडीच्या शेडकडं निघालो.

पुढं काय झालं ते सांगतोच तुला. पण त्याआधी आपल्या दोघांचं अर्धवट राहिलेलं भांडण मला काढू दे. तुला तो स्पीकर हवा होता तरी कशाला? बायका पाटल्यांसाठी अडून बसतात, लुगड्यासाठी रुसतात, माहेरी धाडा म्हणून अबोला धरतात. तू अडून बसलीस ती स्पीकरसाठी! मी तुला किती वेळा विचारलं, आणि दर वेळी तू वेगळंच काहीतरी सांगून मला वाटेला लावलंस. माझा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. बंद पडलेला रेडिओ का बंद पडला हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं. आणि तरी मला या कोड्यात टाकून तू तापाचं निमित्त करून निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

आठवतं ना, आपली गाडी कशी घरी आली ते? कारखान्यातला एक म्हातारा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना त्यानं ती अण्णांच्या गळ्यात मारली. काळी, नाकाकडं फुगीर, पुढं बाकासारखी सलग सीट. तेव्हा आपल्या वस्तीवरच काय, पाटाच्या पलीकडच्या अंगालाही कुणाकडं गाडी नव्हती. समोर रेडिओ होता, गाडीच्याच वयाचा, आणि त्याच्या खाली जाळीमागं एक लंबगोल स्पीकर. बसायची रीत पहिल्याच दिवशी ठरून गेली. चालवायला मी, खिडकीशी अण्णा, आणि आम्हा दोघांच्या मधे दादा, अंग चोरून. मागं तू आणि आई. मागं चौघी ऐसपैस बसतील एवढी जागा, आणि पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं, माझं कोपर दादाच्या बरगडीत. पण दादानं मागं बसावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. बायकोशेजारी बसून तो गावातून गेला असता तर पारावर महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

आणि मागं तुम्ही दोघी चार शब्द बोललात, की अण्णा मान न वळवता विचारायचे, "काय कुजबुज चाललीय?" की सगळं गप्प. घरातही तेच. ओसरीवर बसून त्यांना स्वयंपाकघरात कुणी काय म्हटलं ते ऐकू यायचं. कान असे की माझ्या दुकानात बसवले असते तर रेडिओ न उघडता आतला बिघाड सांगितला असता. त्यामुळं मी मोठा झालो तरी आईचा आवाज फारसा ऐकलाच नव्हता. 'जेवला का', 'आला का', 'दिवा लाव', एवढीच तिची भाषा. आई अबोलच आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू राजूरकडची, डोंगरातली, मोकळ्या गळ्याची. लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होतो. ह्या घरात ही पोरगी कशी राहणार, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

मग एका उन्हाळ्यात जुन्या स्पीकरचा कागद फाटला. बातम्या सांगणारा माणूस पडसं झाल्यासारखा बोलायला लागला. मी स्पीकर काढून अंगणात पोत्यावर ठेवला आणि तू भाकरीचं पीठ तसंच परातीत टाकून धावत आलीस, पिठाच्या हातांनी.

"आवाज ह्यातनं येतो? ह्या कागदातनं?"

"त्यातनंच. मागं तारेचं वेटोळं आहे, चुंबक आहे. वेटोळं हलतं, कागद थरथरतो, तो आवाज."

तू त्या कागदावर फुंकर मारलीस. बोटानं हळूच दाबून बघितलंस. मग म्हणालीस, "म्हंजी तार सांगती आन कागद बोलतो. मग भावजी, तारेला कोन सांगतं?" मी सांगत गेलो आणि तू विचारत गेलीस. भाकरी त्या दिवशी आईनंच थापल्या. एवढे प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नाहीत. गिऱ्हाइकाला फक्त एवढंच हवं असतं की उद्या मिळेल का परवा.

मी म्हटलं, नगरहून नवा आणतो. तू म्हणालीस, "कागदच हाय न्हवं? चिकटवू की!" आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवलीस. तिथवर ठीक होतं. पण खळ चांगली चिकट व्हावी म्हणून तिच्यात तू गुळाचा खडा टाकलास. उसाच्या घरातली अक्कल! आणि मी, रेडिओचा मेकॅनिक, शेजारी उभा राहून तुला म्हणालो, "आणखी थोडा टाक." पतंगाचा कागद कापून तू असं सुबक ठिगळ लावलंस की काही दिवस स्पीकर खणखणीत वाजला. तू अख्ख्या वस्तीला सांगत फिरलीस, आमचा रेडिओ मी शिवला म्हणून.

आणि मग राहात्याचं लग्न. ठरल्यासारखे आम्ही तिघं पुढं, अण्णा कडक इस्त्रीच्या धोतरात. श्रीरामपूर मागं पडलं असेल नसेल, अण्णा एकदम ओरडले, "आरं थांबव! थांबव गाडी!" मला वाटलं बैल आडवा आला. बघतो तर स्पीकरच्या जाळीतून मुंगळ्यांची रांग निघालेली, दादाच्या गुडघ्यावरून सरळ अण्णांच्या धोतरात. भर रस्त्यात अण्णा धोतर झटकत नाचतायत, उसाच्या गाड्या बघायला थांबल्यायत, दादा दुसरीकडं तोंड करून उभा, आणि मागच्या सीटवर तू तोंडात पदर कोंबून हसतेयस. मी आरशातून बघत होतो. आईसुद्धा हसत होती, पण आवाज न करता.

मुंगळे खळीतल्या गुळाला आले, हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. तुझं म्हणणं, लग्नघरी द्यायला अण्णांनी डिकीत गुळाची ढेप ठेवली होती, तिला आले. मी म्हणायचो, "अगं, डिकीतले मुंगळे पुढच्या सीटवर कसे येतील?" तू म्हणायचीस, "का? त्यास्नी काय मागंच बसायची सक्ती हाय का?" मी हसून सोडून द्यायचो. पण मुंगळे खळीलाच आले होते, वहिनी. हे मी आजही सांगतो.

नवा स्पीकर आणायचं ठरलं, आणि तिथून तुझा हट्ट सुरू झाला. तू दाराआड उभी राहायचीस, आणि अण्णांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणायचीस, "भावजी, आनताच हाय तर दोन आना. एक मागं बसवा." सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, म्हणून मी तुझा टपालवाला. अण्णाही माझ्याकडंच बघून म्हणायचे, "मागं कोन ऐकतंय?" आज हे, उद्या तेच. मला तर दोघांच्या मधे उभं राहायचा कंटाळा आला. शेवटी एकदा तू म्हणालीस, "भावजी, आत्याबाईस्नी मागं भजन ऐकू येत न्हाई."

अण्णा मला म्हणाले, "तिनं मला कदी सांगितलं न्हाई."

आणि दाराआडून तू, मलाच, "त्या काय सांगत्यात का कदी कुनाला?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. अण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसले, मग म्हणाले, "आन दोन."

आपण दोघांनी तो बसवला तो दिवस मला अगदी समोर दिसतो. मागच्या सीटच्या वर, काचेखाली जी फळी असते ती कापून मी भोक पाडलं. तू डिकीत अर्धी आत शिरून खालून स्पीकर धरून बसलीस. तार मी पायाखालच्या रबराखालून पुढं नेली. विजेरीतला एक सेल काढून मी तुला दाखवलं, की त्याची टोकं स्पीकरला टेकवली की कागद टुणकन बाहेर येतो, उलटी टेकवली की आत जातो. तू किती वेळ तेच करत बसलीस! बाहेर, आत, बाहेर, आत. तुझ्या तोंडावरचं त्या वेळचं हसू मी विसरत नाही. हे सेलनं बघायचं ते एवढ्यासाठी, की दोन्ही स्पीकरांचे कागद एकाच वेळी बाहेर यावेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर आवाज पोकळ होतो, एक दुसऱ्याला खातो. आणि तुझ्या त्या खेळात मी खूणच विसरलो आणि मागच्या तारा उलट्या जोडल्या.

रेडिओ लावला. गाणं डब्यातून आल्यासारखं. मी चरफडत सगळं पुन्हा सोडवायला लागलो, तर तू म्हणालीस, "मोठा वाजतोय न्हवं? मग झालं की."

मला रागच आला. "मोठा वाजणं आणि चांगलं वाजणं ह्यात फरक आहे."

"आसंल. मला मोठा बास."

ज्या बाईनं कागद कसा बोलतो हे सकाळपासून दुपारपर्यंत विचारलं, तिला आवाजाच्या गोडव्याचं काहीच नसावं? मला ते पटलं नाही. मी तारा सरळ केल्या तेव्हा आवाज भरदार झाला, पण तुझ्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही. पुढं मी तुला म्हणालो, "एक खटका बसवतो. अण्णांना डुलकी काढायची असली की पुढचा स्पीकर बंद, मागचा चालू. तुम्ही मजेत ऐका." तर तू केवढ्यानं म्हणालीस, "नगं नगं! पुढचा बंद केल्यावर मागच्याचा काय उपेग?" मला वाटलं, तुला जोडणी कळली नाही. मी जमिनीवर खडूनं रेघा ओढून तुला समजावलं, की एक बंद केला तरी दुसरा वाजतो. तू मान डोलावत सगळं ऐकून घेतलंस, आणि वर म्हणालीस, "कळलं. पर खटका नगंच."

आणि राजूर! तुझ्या भावाच्या मुलाचं बारसं. भल्या सकाळी निघालो. संगमनेरपर्यंत रेडिओ छान लागला, अकोले गावापर्यंत बरा, आणि डोंगर सुरू झाले तशी नुसती खरखर. अण्णा म्हणाले, "बंद कर ते." मी हात पुढं केला तर मागून तू, "भावजी, ऱ्हाऊ द्या. चालू ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "अगं वहिनी, हा काय कार्यक्रम आहे का? नुसतं तेल तापल्यागत वाजतंय." तू म्हणालीस, "पाऊस पडल्यावानी वाटतं. ऱ्हाऊ द्या." तू माहेरी निघालेली म्हणून असेल, पण अण्णा काही बोलले नाहीत. राजूर येईपर्यंत ती खरखर आम्ही सगळ्यांनी ऐकली. मधे मी आरशात पाहिलं तर तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली. एवढ्या कलकलाटात हिला झोप लागते तरी कशी, असं मनात आलं.

मी मग तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. हेरगिरीच म्हण. घरी आल्यावर विचारायचो, "काय गं, आजच्या श्रुतिकेत शेवटी तो भाऊ परत आला का?" तू म्हणायचीस, "आला असंल की." "कुठली गाणी लागली?" "चांगली हुती." आईला विचारलं, भजन ऐकलंस का, तर आई नुसती मान हलवायची. मी नाना तर्क केले. वाटलं, तुला ऐकू कमी येत असावं. मग वाटलं, गाडीला दोन स्पीकर आहेत ही मिरवायची हौस असेल. दादाला विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठाव? तिलाच विचार." नवरा तो! तुला विचारलं तर तू म्हणालीस, "भावजी, सगळंच उघडून बघायचं नसतं." आणि हसलीस. माझा धंदाच उघडून बघायचा आहे, वहिनी.

पण हा धंदा तरी मला कुणामुळं मिळाला? मी श्रीरामपुरात दुकान टाकतो म्हणालो तेव्हा अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घरचा ऊस सोडून लोकांचे डबे उघडणार, असं त्यांचं म्हणणं. दाराआडून बोलणारी तूच होतीस. "भावजी, अण्णास्नी सांगा, उसाला पानी द्यायला घरात मानसं हायत. रेडिओ उघडनारं एकच हाय." हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. घरात असं कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. दुकानाचं शटर वर करताना मला रोज तुझी आठवण यायची, तू जिवंत होतीस तेव्हाही. आता एवढं तरी म्हणू दे की तू माझं भलं केलंस.

तर शेड. दुपारची वेळ होती. मागचं दार उघडून मी सीटवर गुडघा टेकवला आणि पहिला स्क्रू सैल केला, तेवढ्यात आई आली. पायात चपला नाहीत, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"काढू नगं," म्हणाली.

मला वाटलं, तुझी आठवण म्हणून म्हणतेय. मी म्हणालो, "आई, अण्णांनी सांगितलंय."

मला बाजूला सारून आत चढली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. "लाव," म्हणाली.

"आत्ता काही लागत नसतं गं. रेडिओची दुपारची सभा संपली. नुसती खरखर येईल."

"येऊ दे. लाव."

मी पुढं जाऊन रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापले, खरखर सुरू झाली. "मोठी कर," आई मागून म्हणाली. मी केली. "आता हिकडं ये. तिच्या जागेला बस."

वहिनी, मी ही गाडी इतकी वर्षं चालवली, तिचा प्रत्येक नट माझ्या हाताखालून गेला, पण मागच्या सीटवर मी आजवर बसलो नव्हतो. बसलो. मागचा स्पीकर थेट डोक्यामागं, पुढचा पुढं, आणि दोन्हींच्या मधे अशी खरखर भरलेली की माझाच श्वास मला ऐकू येईना. आई माझ्या कानाशी वाकली. तिचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू आला. आणि पुढच्या सीटवर कुणी असतं, अगदी अण्णांचे कान असते तरी, त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नसतं. हे मला आता कळतंय, गाढवाला! तुला काहीच ऐकायचं नव्हतं. तुला बोलायचं होतं.

"तुला काय वाटलं, आमी भजन ऐकत हुतो?" आई म्हणाली.

मग ती बोलायला लागली. माझी आई, वहिनी! 'जेवला का' आणि 'दिवा लाव'वाली! राजूरच्या वाटेवर तू निजली नव्हतीस, हे तिनं मला सांगितलं. "बारशाला चालली हुती ती. सोताची कूस उजवली न्हाई, लोकं काय काय बोलायची तिला. घरात रडायला जागा कुठं? समदा घाट ती माझ्या मांडीवर रडली. उतरताना तोंड पुसलं आन हसत पाळण्यापाशी गेली." मला तेव्हा तो पाऊस आवडला नव्हता, एवढंच आठवलं.

आई म्हणाली, "तुला माझं नाव ठाव हाय?"

"सीताबाई."

"ते हितलं. लग्नात ठेवलेलं. त्याच्या आदीचं?"

मला माहीत नव्हतं. आईच्या माहेरचं कुणीच उरलेलं नाही, आम्ही कधी तिच्या गावाला गेलो नाही. तिला आधी काही नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाच्याही आलं नसणार.

"हौसा," आई म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "हौसा. आय मेली तवापासनं कुनी तोंडात घेतलं न्हाई. हिनं इचारलं. पैल्यांदाच कुनीतरी इचारलं बग. मंग रेडिओ लागला की ही माझ्या कानाशी यायची आन म्हनायची, 'हौसाबाई, मागल्या येळी कुठवर आलो हुतो आपन?' मी सांगायची. ल्हानपनीचं, हिरीवरचं, बापाच्या बैलाचं. ती तिच्या डोंगरातलं सांगायची. राहात्याची वाट लई लवकर सरायची आमाला."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. तू गेलीस तेव्हा आई रडली नव्हती. आल्यागेल्याला चहा देत राहिली, अंथरुणं घालत राहिली. नातेवाईक आपसात म्हणाले, सासूच ती, तिला काय एवढं. ती त्या दुपारी रडली, माझ्या खांद्यावर, त्या खरखरीत. "आता मला कोन म्हननार रं हौसा?" असं म्हणत होती. मी तिचा मुलगा, मी कसा म्हणू? मी तिचा हात धरून बसलो.

एवढ्यात शेडच्या दारात उजेड अडला. अण्णा.

"निघाला का?" त्यांनी विचारलं.

आई गप्प झाली. मी दाराकडं सरकायला लागलो. अण्णांनी आम्हा दोघांना मागच्या सीटवर बघितलं, आईचं ओलं तोंड बघितलं. मग संथपणे चालत आले, पुढचं दार उघडलं आणि खिडकीशी आपल्या जागी बसले. शेडमधली उभी गाडी, समोर मातीची भिंत, आणि ते तिच्याकडं रस्त्याकडं बघावं तसे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारणार, काय कुजबुज चाललीय. मी म्हणालो, "अण्णा, काढतो. आत्ता काढतो."

त्यांनी मान वळवली नाही. हात पुढं करून रेडिओचं बटण धरलं. बंद करतायत, असं वाटून आईनं माझा हात घट्ट पकडला. त्यांनी आवाज वाढवला.

नुसती खरखर, वहिनी. तिच्यात ऐकण्यासारखं काही नाही, हे त्या कानांना कळत नसेल का? त्यांना कधीपासून ठाऊक होतं? 'आन दोन' म्हणाले तेव्हाच? राजूरच्या वाटेवर? तुला हे माहीत होतं का? मी त्यांना विचारणार नाही, आणि तू आता सांगणार नाहीस.

सैल केलेला स्क्रू मी बोटानंच परत पिळला. आई डोळे पुसून माझ्या कानाशी वाकली. पुढं अण्णा भिंतीकडं बघत बसून राहिले, आणि मागं हौसा बोलत राहिली.